कडक भाकरीचा टाको: महानगरांतील फ्यूजन उपाहारगृहांविषयी

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

रसिक श्रोतेहो,

मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतणी पुण्यात अथवा मुंबईत नोकरीला नाही, अशी घरे आज सोलापुरात थोडीच उरली असतील. आईवडील भेटीला गेले की ही मुले त्यांना मोठ्या हौसेने बाणेर, कोरेगाव पार्क किंवा लोअर परळ भागातल्या एखाद्या नव्या उपाहारगृहात जेवायला नेतात. तेथे हाती येणाऱ्या मेनूवर ठेचा घातलेले इटालियन चीज, ज्वारीचा टाको (टाको म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीची घडी करून आत सारण भरलेला मेक्सिकोचा पदार्थ), पुरणपोळीचा चीजकेक अशी नावे वाचायला मिळतात. अशा वेळी वडीलधारी मंडळी एक तर मुलांचे मन राखण्यासाठी सगळ्याचे कौतुक करतात, नाहीतर घरी परतल्यावर ‘आपल्या अन्नाची वाट लावली’ म्हणून मोकळी होतात. मला हे कौतुकही अपुरे वाटते आणि ही हळहळही अपुरी वाटते, कारण दोन्हींत ताटातल्या पदार्थाचा विचार झालेलाच नसतो. अशा मिश्र, म्हणजे ‘फ्यूजन’, पदार्थाची पारख करता येते आणि ती करण्याची सामग्री सोलापूरकरांच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम आपल्याच ताटाकडे पाहू. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. आजच्या सुदानच्या परिसरात माणसाने ती प्रथम लागवडीखाली आणली आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली आहेत आणि कोलंबसाच्या सफरींनंतरच ती आपल्याकडच्या शेतांत आली. म्हणजे ज्या कडक भाकरीवर आणि शेंगाचटणीवर आपण सोलापूरचा शिक्का मारतो, त्यांतली मुख्य पिके दोन दूरच्या खंडांतून आलेली आहेत. उपवासाच्या साबुदाणा खिचडीची गोष्ट याहून नवलाची आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, दाण्याचा कूट, बटाटा आणि हिरवी मिरची हे सगळे त्याच अमेरिका खंडाचे असूनही एकादशीच्या ताटात त्यांना कोणी परके मानत नाही.

मात्र याच माहितीचा आधार घेऊन अनेक जण असा निष्कर्ष काढतात की, सगळेच अन्न मिश्र असेल तर कोणी काहीही कशातही मिसळावे, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. मिरची आपल्या स्वयंपाकात आली ती मिरीच्या शेजारी बसून, तिचे काम शिकून, आणि पुष्कळ पिढ्यांच्या बायकांनी तिचे प्रमाण हाताने ठरवल्यानंतर. त्या काळात न जमलेले कितीतरी प्रयोग झाले असतील आणि ते घराघरांतच विरून गेले असतील. जे टिकले तेवढे आपल्यापर्यंत आले. महानगरातल्या उपाहारगृहाला हा अवकाश मिळत नाही. त्याला दर काही महिन्यांनी मेनू बदलावा लागतो, म्हणून जी चाचणी पूर्वी काळ घेत असे ती आता स्वयंपाक्याने आणि खाणाऱ्याने जाणीवपूर्वक घ्यावी लागते.

दोन खाद्यसंस्कृती एकमेकींत कशा मुरतात याचे मला सर्वांत समृद्ध वाटणारे उदाहरण पेरू देशाचे आहे. १८९९ मध्ये जपानी मजुरांची पहिली मोठी तुकडी जहाजाने तेथे उतरली. पुढे त्यांच्या वंशजांनी लिमा शहरात खाणावळी काढल्या आणि किनाऱ्यावरचा ‘सेविचे’ हा पदार्थ त्यांच्या हाताखाली आला. कच्ची मासळी लिंबाच्या रसात मुरवून हा पदार्थ करतात आणि पूर्वी तो बराच वेळ मुरत ठेवण्याची रीत होती. ताज्या मासळीची पारख असलेल्या जपानी हातांनी हे मुरवणे काही मिनिटांवर आणले, आणि आज पेरूमध्ये बहुतेक ठिकाणी सेविचे त्याच रीतीने वाढले जाते. या पाकपरंपरेला ‘निक्केई’ म्हणतात. नोबू मात्सुहिसा हे जगभर गाजलेले जपानी पाकतज्ज्ञ तरुणपणी लिमामध्ये काम करत होते, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत बेव्हर्ली हिल्स येथे त्यांनी उपाहारगृह काढले तेव्हा त्यांच्या ताटांत पेरूच्या मिरच्या आणि लिंबू आपसूक आले. त्याआधी १९८३ मध्ये वोल्फगांग पुक यांनी सांता मोनिका येथे चिनी आणि फ्रेंच पाककृतींचा मेळ घालणारे उपाहारगृह सुरू केले होते. ज्याला आज जग ‘फ्यूजन’ म्हणून ओळखते त्या व्यावसायिक प्रवाहाला बळ मिळाले ते याच दशकात.

आपल्याकडेही असा मेळ घालणारी माणसे होऊन गेली आहेत. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून जो पदार्थ केला, त्याला मंचुरियन हे नाव मिळाले. पन्नास वर्षांत तो शेवग्याच्या शेंगेइतका आपल्या अंगवळणी पडला आहे आणि सोलापुरात संध्याकाळी लागणाऱ्या चायनीजच्या गाड्यांवर त्याला मोठी मागणी असते. त्यानंतरचा टप्पा महागड्या, विचारपूर्वक उभारलेल्या उपाहारगृहांचा. दिल्लीत २००९ मध्ये ‘इंडियन अ‍ॅक्सेंट’, मुंबईत २०१३ मध्ये ‘मसाला लायब्ररी’ आणि २०१५ मध्ये लोअर परळला ‘बॉम्बे कँटीन’ सुरू झाले. ‘बॉम्बे कँटीन’च्या संस्थापकांपैकी फ्लॉइड कार्डोझ मूळचे मुंबईचे. १९९८ पासून न्यूयॉर्कमधल्या ‘तबला’ या उपाहारगृहात त्यांनी भारतीय मसाले पाश्चात्त्य पद्धतीच्या ताटांत आणले होते. मार्च २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. प्रादेशिक भारतीय भाजी आणि धान्य महागड्या मेजावर सन्मानाने मांडता येते, हे त्यांनी तरुण पाकतज्ज्ञांच्या एका पिढीला करून दाखवले. या ऋणाचा उल्लेख आपण करायलाच हवा.

आता पारख कशी करायची, या मुद्द्याकडे येतो. माझा प्रश्न सरळ आहे: मूळ पदार्थात एखादा घटक जे काम करत होता, ते काम नव्या पदार्थात त्याच्याकडून होते आहे का? ज्वारी घ्या. तिच्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून तिचे पीठ ताणले जात नाही. गरम पाण्याने तिच्यातला पिष्टांश फुलतो आणि त्याच्या आधाराने भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडांना चिरा पडतात, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मेक्सिकोच्या मक्यातही ग्लुटेन नाही. तेथील लोकांनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटण्याची युक्ती शोधली. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. दोन्ही समाजांपुढे अडचण एकच होती आणि दोघांनी ती आपापल्या हुशारीने सोडवली. म्हणून ज्वारी आणि टाको यांची सोयरीक मला मुळातच विजोड वाटत नाही.

परंतु पुण्यातल्या एका उपाहारगृहात माझ्यापुढे जो ज्वारीचा टाको आला, त्यात घडी पडावी म्हणून मैदा इतका मिसळलेला होता की ज्वारी फक्त रंगापुरती उरली होती. तेथे ज्वारीकडून कोणतेच काम घेतलेले नव्हते. याउलट मऊ टाकोचा आग्रह सोडून त्याचा कडक प्रकार, ज्याला मेक्सिकोत ‘टोस्टाडा’ म्हणतात, तो स्वयंपाक्याने निवडला असता, तर आपली कडक भाकरी त्या जागी नेमकी बसली असती. मंद आचेवर पाण्याचा अंश संपेपर्यंत वाळवलेली ती पातळ भाकरी कित्येक दिवस टिकते, दाताखाली स्पष्ट मोडते, आणि आमटीत चुरली की रस पिऊन घेऊन मऊ होते. हे तिन्ही गुण ज्याला माहीत आहेत, तो स्वयंपाकी तिच्यावर रसदार सारण आधीच घालून ती मेजावर पाठवणार नाही. सारण वेगळ्या वाटीत देईल आणि घालण्याची वेळ खाणाऱ्यावर सोपवेल.

शेंगाचटणीचेही असेच आहे. ती उखळात कांडावी लागते, कारण कांडताना दाणा चिरडतो, त्याचे तेल सुटते आणि ते लसूण-तिखटाला धरून ठेवते. मिक्सरची पाती दाणा नुसता कापते आणि हाती कोरडी भुकटी येते. इटलीतल्या जिनोव्हा शहराचे लोक तुळशीच्या कुळातल्या पानांचा ‘पेस्तो’ संगमरवरी खलात कुटतात. तेथेही कुटल्यानेच पाने आणि पाइनचे दाणे तेलाशी एकजीव होतात. त्यामुळे कांडलेली शेंगाचटणी थोडे तेल आणि पास्ता उकळलेले पिठूळ पाणी घालून पास्त्याला लावली तर ती उत्तम लागते, आणि भुकटीची चटणी वरून भुरभुरली तर घशात ठसका लावते. ठेचा आणि चीज यांचे जमते त्यालाही कारण आहे. मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतो, आणि दुधातले केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सोडवून नेते. आपण चटणीवर दही घेतो ते याच अनुभवातून. वसाबी या जपानी झणझणीत कंदाची झिणझिणी मात्र निराळी. ती फेसलेल्या मोहरीसारखी नाकात चढते आणि क्षणात ओसरते. ठेचा आणि वसाबी एकाच घासात घातले की दोघांचाही आस्वाद बिघडतो. त्याऐवजी एखाद्या जपानी पद्धतीच्या ताटात वसाबीच्या जागी फेसलेली मोहरी वापरणारा स्वयंपाकी मला अधिक जाणता वाटेल.

आपल्या भागातल्या येसराकडे महानगरांतल्या पाकतज्ज्ञांचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. धान्ये आणि डाळी भाजून, मसाल्यासह दळून केलेले हे पीठ आमटीला दाटपणा आणि भाजका स्वाद एकाच वेळी देते. फ्रेंच स्वयंपाकात लोण्यावर मैदा परतून जे दाटपणाचे काम करून घेतात, तेच काम येसर अधिक स्वादासह करतो. लोअर परळच्या एखाद्या तरुण पाकतज्ज्ञाने बार्शी-करमाळ्याकडची बाजार आमटी एकदा मन लावून चाखली, तर पुढे काय करावे हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

या उपाहारगृहांत जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. अशा ठिकाणी पदार्थ लहान ताटलीत येतात आणि ते सर्वांनी वाटून खायचे असतात, म्हणून प्रत्येकाने आपापले मागवण्याऐवजी सुरुवातीला दोन-तीनच सांगावेत. पिठात काय मिसळले आहे, चटणी तेथेच कुटली आहे का, हे वाढणाऱ्याला विचारण्यात कसलाही संकोच नसावा. चांगल्या उपाहारगृहात स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन आनंदाने सांगतो. बहुतेक स्वतंत्र उपाहारगृहांत बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. सेवा शुल्क ही वेगळी बाब आहे. ते आपोआप बिलात लावता येणार नाही, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. वाढणाऱ्याला खुशीने काही देणे ही निराळी आणि चांगली गोष्ट आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला आग्रहाने बोलायचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, आणि तेव्हापासून महानगरांच्या मेनूंवर ‘मिलेट’ हा शब्द जागोजागी दिसू लागला. चीज कोणत्या गावचे, कॉफी कोणत्या मळ्याची, हे जे मेनू अभिमानाने छापतात, तेच ज्वारीला मात्र गाव देत नाहीत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. काळ्या, खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीत वाढणारी मालदांडी वेगळी आणि खरिपातली ज्वारी वेगळी, हा फरक भाकरीच्या चवीत आणि पांढरेपणात उतरतो. शेतकऱ्याच्या गावाचे नाव मेनूवर आले तर त्याला वेगळा भाव मागण्याचा आधार मिळतो, म्हणून हे नाव छापा असा आग्रह आपण ग्राहकांनी धरला पाहिजे.

शेवटी सोलापूरविषयी. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांची स्वयंपाकघरे एकाच गल्लीत नांदणारे आपल्यासारखे शहर महाराष्ट्रात दुर्मीळ आहे. लिंगायत घरातली गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातला पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात आणि धपाट्यांची चळत शेजाऱ्यांच्या डब्यांतून पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे गेली आहे. येथील तरुणांनी उपाहारगृह काढायचे ठरवले, तर मुंबईच्या मेनूची नक्कल करण्याआधी त्यांनी या तीन स्वयंपाकघरांत प्रत्येकी एक हंगाम घालवावा, असे मला वाटते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्याला सर्वांत योग्य आहे: शेतात आगटीवर हुरडा भाजला जात असतो, भोगीची भज्जी आणि बाजरीची भाकरी घरोघरी होते, सिद्धेश्वरांच्या यात्रेला तिन्ही भाषांचे लोक एकत्र येतात, आणि पुण्या-मुंबईचे पाकतज्ज्ञही त्या दिवसांत बोलावले तर येण्यास तयार होतील.