फुगडी, वावटळ आणि चंद्र

नमस्कार मंडळी. आपण मराठीत भोवरा हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतो बघा. दोरी गुंडाळून जमिनीवर फेकायचा तो भोवरा. आपल्या नाशकात गोदावरीला पूर आला आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की पुलावर बघ्यांची गर्दी होते ना, तेव्हा खाली पाणी गरगरत आत ओढलं जाताना दिसतं तोही भोवरा. आणि बाळाच्या डोक्यावर केस गोल फिरलेले असतात तोही भोवराच, तसले दोन निघाले की याची दोन लग्नं होणार हे आजीने जाहीर केलंच म्हणून समजा. केसांचं सोडा, त्यांचा आजच्या विषयाशी काही संबंध नाही, पण बाकीच्या भोवऱ्यांचा हिशोब मात्र एकच आहे आणि आज तोच सांगणार आहे.

टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग बघितलं असेल. ती मुलगी हात पसरून हळू गिरकी घ्यायला लागते, मग हात छातीशी घेते आणि एकदम इतकी जोरात फिरते की चेहरासुद्धा दिसत नाही. तिला कोणी ढकललं? कोणीच नाही. आता आपल्याकडे बर्फ कुठला, निफाडकडे थंडी पडली तर फार तर द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, पण आपल्याकडे फुगडी आहे आणि माझ्या मते फुगडी हे स्केटिंगपेक्षा चांगलं उदाहरण आहे, कारण त्यात ओढ स्वतःच्या हातांना कळते.

आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी मंगळागौर असली की आई आणि मावशीची फुगडी ठरलेली. पायाला पाय लावून, हात घट्ट धरून, दोघी मागे रेललेल्या. हात ताणलेले असेपर्यंत फेरे संथ, आणि मग दोघी कोपरात हात वाकवून जवळ आल्या की फेरे वाढायचे, आम्ही पोरं मोजायचो आणि मोजणं चुकायचं. होतं काय, की फिरणाऱ्या गोष्टीजवळ गिरकीचा एक साठा असतो, पुस्तकात त्याला कोनीय संवेग म्हणतात, आपण गिरकीच म्हणू. हा साठा ठरतो तीन गोष्टींवर, वजन किती, ते मध्यापासून किती लांब, आणि फेरे किती वेगाने. बाहेरून कोणी पीळ दिला नाही तर साठा बदलत नाही, म्हणून लांबचं वजन जवळ आलं की वेगाला वाढावंच लागतं. आणि वाढतो पण कसा, अंतर निम्मं झालं तर वेग दुप्पट नाही, चौपट होतो. फुगडीत एवढं जवळ येता येत नाही म्हणून बरं.

पण मग जास्तीची ताकद आली कुठून, असं एखादा श्रोता विचारेल आणि बरोबरच विचारेल. गिरकी तेवढीच राहते, ऊर्जा मात्र वाढते, आणि ती येते दंडातून. दोघी एकमेकींना जवळ ओढतात तेव्हा जो जोर लागतो तो फुकट जात नाही, तोच वेगात जातो. म्हणून तर फुगडी झाल्यावर दंड दुखतात.

एकदा हात सुटला. मावशी थेट कपाटावर. सगळे म्हणाले बाहेर फेकली गेली, तर तसं नाही, हात सुटला त्या क्षणी ती ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेला सरळ गेली. बाहेर ढकलणारं कोणी नव्हतंच, आत ओढणारा हात होता तो गेला एवढंच. मावशीला हे समजावायला गेलो तर तिने मला जे सुनावलं ते रेडिओवर सांगता येणार नाही.

आता हीच फुगडी हवेची करू. पृथ्वी फिरते म्हणजे आपण सगळे फिरतोय, विषुववृत्तावरची जमीन ताशी साधारण 1670 किलोमीटरने पूर्वेला पळते, आपलं नाशिक तिथून 20 अंश उत्तरेला, म्हणजे अक्षाच्या थोडं जवळ, म्हणून इथे साधारण 1570. दक्षिणेकडून जी हवा वर येते ती तो जास्तीचा वेग घेऊनच येते, शिवाय अक्षाच्या जवळ सरकते, म्हणजे हात आखडलेल्या स्केटरसारखी पुढे निघून जाते. थोडक्यात तिच्या उजवीकडे. उत्तरेकडून येणारी मागे रेंगाळते, तीही स्वतःच्या उजवीकडे. मग समुद्रावर कमी दाबाचा पट्टा झाला की चारी बाजूंनी हवा मध्याकडे धावते, प्रत्येकीचा नेम थोडा उजवीकडे चुकतो, आणि सगळी मिळून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फेर धरते. शेकडो किलोमीटरवरून आलेली ती सुस्त गिरकी मध्याजवळ येता येता भयानक होते. त्यालाच चक्रीवादळ म्हणायचं. विषुववृत्ताला अगदी लागून मात्र ती जवळपास होतच नाहीत, कारण तिथे हा नेम चुकतच नाही.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवत असेल, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि नंतर आपल्या दिशेने सरकत आलं. इथवर येईतो जोर बराच ओसरला होता. खालून गरम समुद्राची वाफ मिळायची बंद झाली, आणि डोंगर, झाडं, घरं यांच्याशी घासत घासत त्याने आपली गिरकी जमिनीला देऊन टाकली. नाहीशी झाली नाही हं, पृथ्वीला परत गेली.

आणि ते बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एकीकडे फिरतं, दक्षिणेत दुसरीकडे, हे व्हॉट्सअपवर येतं ते? बेसिनएवढ्या जागेत पृथ्वीचा परिणाम इतका किरकोळ असतो की नळ कसा सोडला, बूच कसं काढलं त्यावरच सगळं ठरतं. उन्हाळ्यात मोकळ्या शेतात वावटळ उठते तीही दोन्हीकडे फिरते. पण तत्त्व खोटं नाही बरं का. 1962 मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञानाच्या संस्थेत प्राध्यापक अॅशर शपिरो यांनी सहा फूट रुंद टाकी भरली, पाणी दिवसभर शांत होऊ दिलं, मग हळूच बूच काढलं, तेव्हा पाणी घड्याळाच्या उलट फिरलं. 1965 मध्ये सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे घड्याळाप्रमाणे. दिवसभर थांबायची तयारी असेल तर घरी करा, आमच्याकडे पुढच्या वेळी नळ येईपर्यंत टाकी मोकळी ठेवणं परवडत नाही.

भोवरा मंदावला की डुलायला लागतो तशी पृथ्वीही डुलते, एक डोल साधारण 26,000 वर्षांचा. म्हणूनच सूर्य खरा उत्तरेला वळतो 21-22 डिसेंबरला आणि आपली संक्रांत, येवल्यातले पतंग, तिळगूळ सगळं येतं 14-15 जानेवारीला. संक्रांत आपण ताऱ्यांवरून मोजतो, आणि ताऱ्यांवरून मोजलेली तारीख या डोलामुळे 72 वर्षांत सुमारे एक दिवस सरकते.

आणि पृथ्वीची स्वतःची गिरकी? तीही कमी होतेय, दर शतकाला दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. भरती-ओहोटीत समुद्र घासतो, आणि पृथ्वीने गमावलेली गिरकी जाते चंद्राकडे. ती घेऊन चंद्र लांब सरकतो, वर्षाला 3.8 सेंटिमीटर. त्याचं अंतर तर महिनाभर हजारो किलोमीटरने कमीजास्त होत असतं, मग एवढंसं कळलं कसं? 1969 मध्ये अपोलो 11 च्या लोकांनी तिथे खास आरसे ठेवलेत, त्यांच्यावर इथून लेसर मारतात आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. साधारण अडीच सेकंद. आई आणि मावशीचे तेवढ्यात तीन फेरे व्हायचे.

नमस्कार.