जहाजावरची जेवणाची वेळ आणि अंगावरचे कपडे

नमस्कार श्रोतेहो.

अटलांटिक महासागर जहाजानं ओलांडायच्या काळात प्रवाशांच्या ट्रंकांवर चिठ्ठ्या डकवलेल्या असायच्या. ‘प्रवासात नको’ अशी चिठ्ठी असलेली ट्रंक थेट जहाजाच्या पोटात, मालखान्यात जायची. रात्रीच्या जेवणाचा पोशाख ज्या ट्रंकेत असे, ती हाताशी ठेवली जायची. पहिल्या वर्गाचे प्रवासी संध्याकाळी कपडे बदलूनच जेवायला जात, मात्र दोन रात्री सोडून. पहिल्या रात्री सामान अजून उघडलेलं नसे आणि शेवटच्या रात्री ते पुन्हा बांधून झालेलं असे. पुढं विमानं आली, ती जहाजं मागं पडली, पण ही रीत टिकली. आजही क्रूझवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री सहसा पोशाखाचा आग्रह धरत नाहीत.

आज आपण बोलणार आहोत ते मधल्या रात्रींबद्दल. सुट्टीसाठी पैसे मोजून आलेल्या माणसानं काय घालावं हे जहाज कंपनीनं का सांगावं? आणि सांगितलंच, तर न ऐकणाऱ्याला डायनिंग रूमच्या दारातून परत पाठवावं का?

माझं मत असं. नियम थोडे असावेत, तिकीट काढण्याआधी दिसावेत, आणि जहाजाच्या ठरावीक जागांपुरते, ठरावीक वेळेपुरते असावेत. पण एकदा लिहिले, की ते पाळले जावेत आणि कंपनीनं सगळ्यांकडून सारखेच पाळून घ्यावेत. लिहिलेला पण दारात सोडून दिलेला नियम पाळणाऱ्यालाच महागात पडतो. विमानाच्या २३ किलोंच्या बॅगेत ज्यानं सूट, बूट आणि दोन कडक शर्ट बसवले, त्यानं त्यासाठी दुसरं काहीतरी घरी ठेवलेलं असतं. शेजारच्या टेबलावर पोहण्याची चड्डी दिसली, की त्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. ते वाटणं चूक नाही.

कंपन्यांमध्ये फरक मोठा आहे, आणि तो आधी कळला तर निम्मा वाद तिकीट काढतानाच मिटतो. एका टोकाला कनार्ड. त्यांच्या ‘क्वीन मेरी २’वर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या सफरीत सहसा दोन गाला रात्री, म्हणजे समारंभी पोशाखात जेवायच्या फॉर्मल रात्री, असतात. पुरुषांसाठी टक्सिडो, डिनर जॅकेट किंवा गडद सूट, आणि गळ्यात बो टाय किंवा साधा टाय. स्त्रियांसाठी गाऊन, कॉकटेल ड्रेस किंवा तितकाच नेटका ट्राउझर सूट. आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. त्यांनी २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणलं आणि फॉर्मल रात्रीची सक्तीच काढून टाकली. सेलिब्रिटी क्रूझेस या कंपनीनं २०१५ मध्ये फॉर्मल रात्रीऐवजी ‘इव्हिनिंग शिक’ हा थोडा सैल प्रकार सुरू केला. व्हर्जिन व्हॉयेजेसवर टायचं नावच नाही, एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं एवढाच खेळ. मधे कार्निव्हल ही कंपनी आहे. त्यांच्याकडे २ ते ५ दिवसांच्या सफरीत एक ‘एलिगंट’ रात्र आणि ६ दिवस किंवा त्याहून मोठी सफर असेल तर दोन. ज्याला टाय मुळीच नको, त्याच्यासाठी समुद्रावर भरपूर जहाजं आहेत. कनार्डचं तिकीट काढून टायबद्दल तक्रार करणं मला पटत नाही, कारण गाला रात्र हा त्या सफरीचाच एक भाग आहे आणि तिच्यासाठी कित्येकांनी मुद्दाम तेच जहाज निवडलेलं असतं.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, कारण वाद घालताना तो हमखास विसरला जातो. जहाजावर पोशाखाचे नियम दोन जातींचे असतात. पहिली जात स्वच्छतेची आणि सुरक्षिततेची. अनवाणी येऊ नका, ओल्या पोहण्याच्या कपड्यांत जेवायला बसू नका, उघड्या अंगानं बुफेच्या रांगेत उभे राहू नका. ओल्या कपड्यातलं पाणी आणि अंगाला लावलेलं सनस्क्रीन खुर्चीच्या गादीत मुरतं. ती गादी धुऊन वाळेपर्यंत खुर्ची वापरता येत नाही, आणि न धुता ठेवली तर पुढच्या माणसाचे कपडे खराब होतात. ओल्या पावलांनी फरशी निसरडी होते, जहाज थोडं कलतं, आणि गरम सूपचा ट्रे घेऊन येणारा वेटर घसरतो. फुटलेल्या ग्लासाची काच डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला मात्र सापडते. हे नियम दिवसरात्र, कुणाचीही भीड न ठेवता लावावेत. यावर मतभेदाला जागा नाही.

दुसरी जात समारंभाची. जॅकेट, टाय, गाऊन. यानं कुणाच्या जिवाला धोका नाही. हे आहे वातावरणासाठी, आणि वातावरण सगळ्यांनी मिळूनच तयार होतं. म्हणून इथं सक्ती करायची तर शेजारी तोडीची दुसरी सोय हवी. ‘क्वीन मेरी २’वर गाला रात्री ज्याला नटायचं नाही त्याला किंग्ज कोर्ट हा बुफे, गोल्डन लायन हा पब, कॅसिनो अशा जागा मोकळ्या असतात. ही पद्धत योग्य आहे. पण काही जहाजांवर फॉर्मल रात्री बुफेचे निम्मे काउंटर लवकर बंद करतात आणि उरलेलं अन्न थंड असतं. मग ती सोय राहत नाही, शिक्षा होते. टाय न घालणाऱ्यालाही गरम आणि पोटभर जेवण मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल तर कंपनीला दारात कुणाला अडवायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

अंमलबजावणी बिघडते कुठं, ते पाहू. पहिलं कारण, मोघम शब्द. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे काय, हे दहा जणांना विचारा, दहा उत्तरं मिळतील. गडद, न फाटलेली जीन्स चालते का? कॉलर नसलेला पण महागडा टी-शर्ट? पायात चामड्याच्या सँडल? विशेषणं लिहिली की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावतो. त्यापेक्षा काय चालणार नाही याची यादी द्यावी. कार्निव्हल तसंच करतं. जिमच्या चड्ड्या, बास्केटबॉलच्या चड्ड्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या रबरी चपला, पोहण्याचे कपडे आणि पुरुषांसाठी बाह्या कापलेले शर्ट, हे डायनिंग रूममध्ये नाही. अशी यादी वाचली की कुणालाही कळतं आणि दारात वाद उरत नाही.

दुसरं कारण, दारं. मोठ्या जहाजांवर मुख्य डायनिंग रूम दोन-दोन, तीन-तीन मजल्यांची असते आणि प्रत्येक मजल्याला वेगळं दार असतं. खालच्या दारावर कडक माणूस, वरच्या दारावर मऊ. ही बातमी जहाजावर एका रात्रीत पसरते आणि दुसऱ्या फॉर्मल रात्री वरच्या दाराशी रांग लागते. हा शब्दशः पंक्तिप्रपंच झाला. एकाला अडवायचं आणि दुसऱ्याला ओळखीनं, किंवा महागड्या सुइटचा पाहुणा म्हणून आत सोडायचं, यापेक्षा नियम रद्द केलेला बरा.

तिसरं कारण सगळ्यात नाजूक आहे. दारात जो माणूस उभा असतो त्याची नोकरी पाहुण्याला खूश ठेवण्यावर चालते. सफरीच्या शेवटी पाहुणे जे गुण देतात ते त्याच्या विभागाच्या नावावर जमा होतात, वेटरांची टिपही त्याच पाहुण्यांच्या हातात असते. अशा माणसाला एकट्यानं ‘नाही’ म्हणायला लावणं अन्याय आहे. म्हणून निर्णय वरच्या अधिकाऱ्याचा असावा आणि फॉर्मल रात्रीच्या पहिल्या तासाभरात त्यानं स्वतः दाराशी थांबावं. वेटरनं टेबलाशी जाऊन कुणाला उठवू नये. एकदा माणूस खुर्चीवर बसला, की ती वेळ गेली. त्यानंतर त्याला उठवणं हा चारचौघांत केलेला अपमान आहे.

दारात बोलायचं कसं, यालाही पद्धत आहे. रांगेतून थोडं बाजूला घ्यावं, आवाज खाली ठेवावा, आणि नकाराआधी मार्ग सांगावा. ‘आपलं टेबल वीस मिनिटं राखून ठेवतो, बदलून येता का?’ किंवा ‘आमच्याकडे जॅकेट आहे, आजच्यापुरतं देऊ का?’ दाराशी चार-पाच मापांची जॅकेट ठेवली तर बरेच प्रसंग तिथंच मिटतात. कपाळावर आठी न आणता बुफेचा रस्ता दाखवणं हा तिसरा मार्ग.

अपवाद करावेच लागतात, आणि ते आधी ठरवलेले असावेत. विमानात बॅग हरवली असेल तर त्या माणसानं रिसेप्शनवर नोंद करावी, केबिन नंबर डायनिंग रूमला कळवला जावा आणि त्याला मुकाट्यानं आत सोडावं. पायाच्या दुखण्यामुळे कुणी स्पोर्ट्स शूज घालत असेल, तर दुखण्याची चौकशी नको. धर्मापोटी डोकं झाकणाऱ्याला टोपीचा नियम लावू नये. लहान मुलांना टाय लावण्याचा आग्रह तर कुणीच धरू नये.

एक गोष्ट मला खटकते आणि ती बोलायला हवी. हे नियम पुरुषांसाठी काटेकोर आणि स्त्रियांसाठी ढोबळ असतात. उष्ण समुद्रातही काही जहाजांवर पुरुषाच्या अंगात जॅकेट हवंच, आणि दारात अडवला जाणारा बहुधा पुरुषच. स्त्रियांच्या बाबतीत अवघडलेपणापोटी कुणी काही बोलत नाही. नियम दोघांनाही सारख्याच स्पष्ट शब्दांत लिहिले, तर अडवणाऱ्याचा संकोचही कमी होईल.

आता प्रवाशानं काय करावं. तिकीट काढताना कंपनीच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी पाहा: फॉर्मल रात्री किती, आणि त्या रात्री कोणकोणत्या जागा साध्या कपड्यांत खुल्या. सात रात्रींना एक गडद सूट, दोन शर्ट, एक टाय आणि एक जोडी काळे बूट पुरतात. स्त्रियांना एक मुख्य पोशाख आणि त्यावर बदलता येईल अशी शाल किंवा जॅकेट. शाल तशीही लागतेच, डायनिंग रूमचं एसी थंडगार असतं. उंच, बारीक टाचांचे बूट हलत्या जहाजावर धोक्याचे. डेकवरच्या सांडपाण्याच्या जाळीत टाच अडकते, आणि जाड दारांच्या उंबरठ्यांना ठेच लागते. रुंद, बुटकी टाच घ्या.

कापड निवडताना लोकरी किंवा विणीचं निवडा, टांगून ठेवलं की सुरकुत्या बऱ्याच निघतात. लिननला इस्त्रीशिवाय गत नाही. आणि इस्त्री हीच अडचण आहे. बहुतेक जहाजांवर स्वतःची इस्त्री किंवा कपड्यांचा स्टीमर आणायला बंदी असते. जहाजावर आगीइतकं भय कशाचंच नाही, म्हणून सामान तपासताना ही उपकरणं काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. कनार्ड, प्रिन्सेस, कार्निव्हल यांच्या बऱ्याच जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते, तिथं इस्त्री आहे का ते आधी विचारा. रॉयल कॅरिबियनवर नसते, तिथं लाँड्रीला द्यावं लागतं. फॉर्मल रात्रीच्या दिवशी दुपारी दोन्हीकडे गर्दी उसळते. म्हणून लाँड्रीला कपडे आदल्या दिवशी सकाळीच द्या, तातडीचा जादा आकारही वाचतो. केबिनच्या भिंती सहसा पोलादी असतात, चार-सहा चुंबकी हुक घेतलेत तर सूट आणि गाऊन कपाटात कोंबावे लागत नाहीत. आणि निदान एक चांगला जोड हातातल्या बॅगेत ठेवा. मोठं सामान केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते.

जहाजावरून उतरल्यावर नियम बदलतात, आणि ते कंपनीच्या हातात नसतात. रोमला व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर प्रवेश नाही. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादमध्ये लष्करी छापाचे, म्हणजे हिरव्या-खाकी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसानं घालणं बेकायदेशीर आहे. टोपी, बॅग, लहान मुलाचा शर्ट, काहीही चालत नाही. तसे कपडे घरीच ठेवा.

आणि एक पोशाख असा आहे की तिथं कुणाच्याच मताला किंमत नाही. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि मागोमाग एक लांब भोंगा ऐकू आला, तर उबदार कपडे, घट्ट बसणारे बूट, डोक्याला काहीतरी आणि रोजची औषधं घेऊन आपल्या ठरलेल्या जागी जायचं. केबिन जवळ असेल तरच कपड्यांसाठी जायचं, नाहीतर आहे तसं निघायचं. यासाठी एक जोड बूट रात्री पलंगाखाली, हाताला लागेल असा ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, कर्मचारी त्या रात्रीतून खाली नेतात. सूट, गाऊन, बूट सगळं त्यात भरून टाकायचं आणि सकाळी उतरताना घालायला काहीच उरत नाही, अशी फजिती दर सफरीत कुणाची ना कुणाची होते. बॅगेची चेन ओढण्याआधी सकाळचे कपडे, अंतर्वस्त्रं आणि बूट पलंगावर काढून ठेवा, आणि मगच बॅग दाराबाहेर ठेवा.

नमस्कार.