गुडघ्यातली गादी चकती असते तेव्हा

(नाशिकमध्ये पालक आणि क्रीडाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दिंडोरीकडची नऊ वर्षांची मुलगी. आई म्हणाली, "डॉक्टर, हिचा गुडघा वाजतो. शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं." शाळेची सहल पांडवलेणीला गेली, तर ही निम्म्या पायऱ्यांवरच बसून राहिली. सगळे म्हणाले, नाटकं करते. मी तिला झोपवलं, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तळहात टेकवला आणि वाकवलेला पाय हळूहळू सरळ केला. आत काहीतरी सरकलं आणि ठक्कन जागेवर बसलं. ते माझ्या हाताला लागलं. पोर नाटकं करत नव्हती.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन गाद्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. मेनिस्कस म्हणतात ते हेच. काही मुलांत बाहेरच्या अंगाची गादी चंद्रकोर नसून जाड, भरीव चकती असते. तिची पहिली नोंद यंग यांनी १८८९ साली केली. पुढे १९४८ मध्ये स्मायली यांनी मांडलं, की गर्भात ही गादी आधी चकतीच असते, मग मधला भाग विरतो. या मुलांत तो विरायचा राहतो. ऐकायला पटतं. पण १९५७ मध्ये कॅप्लन यांनी दाखवलं, की गर्भाच्या नेहमीच्या वाढीत चकतीची पायरीच नाही. चौदाव्या आठवड्यात गादीला चंद्रकोरीचा आकार आलेला असतो. म्हणजे चकती ही अर्धवट राहिलेली वाढ नव्हे, ती घडणच वेगळी. आईबापांनी स्वतःला दोष देऊ नये.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिची वीण. निरोगी गादीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की कोलॅजनचे जाड धागे कडेकडेने वळत गेलेले दिसतात आणि त्यांना आडवे धागे बांधून ठेवतात. वजन पडलं की गादी बाहेर पसरू पाहते. हे वळते धागे तिला आवळून धरतात. चकतीत तेच धागे कमी आणि विस्कटलेले असतात. येवल्याच्या मागावर ताणा ढिला पडला, तर कापड कितीही जाड विणलं तरी टिकेल का? म्हणून ही जाड गादी लवकर फाटते. काही मुलांत तिची मागची पकडही नसते, मग ती सरकते आणि आवाज येतो.

पूर्वी अशी गादी पूर्ण काढून टाकत. मग हाडावर हाड घासून तरुणपणीच संधिवात सुरू होई. आता दुर्बिणीतून मधला भाग कोरतात, कडेची सहा ते आठ मिलिमीटर गादी राखतात, आणि फाटलं असेल तिथे टाके घालतात. जन्मतः सगळ्या गादीत रक्तवाहिन्या असतात, पण दहाव्या वर्षापर्यंत त्या फक्त बाहेरच्या कडेला उरतात. टाके भरून येतात ते मुख्यतः तिथेच. म्हणून "वय वाढलं की जाईल" म्हणून दुखरा, अडकणारा गुडघा अंगावर काढू नका.

त्या मुलीचा दुसरा गुडघाही आम्ही तपासला, कारण चकती अनेकदा दोन्हीकडे असते. होतीच. पण तो दुखत नाही, अडकत नाही. त्याला आम्ही हात लावलेला नाही. दर सहा महिन्यांनी बघतो.