फुकट्या फ्रेडीचा चित्रकार

चेपलेली उंच टोपी, रंगाने काळवंडलेले गाल, अंगात झिजलेला कोट. फ्रेडी द फ्रीलोडर! आपण त्याला फुकट्या फ्रेडी म्हणू. एके काळी अमेरिकेत घरोघरी या भटक्याची ओळख होती. त्याचं सोंग घेणारे रेड स्केल्टन १९५१ ते १९७१ अशी वीस वर्षं टीव्हीवर लोकांना हसवत होते.

आता हे तैलचित्र पाहा. यातही जोकरच आहे. खालची सही वाचा: रेड स्केल्टन.

याची सुरुवात म्हणे शिकागोच्या एका बड्या दुकानात झाली. भिंतीवरच्या चित्रात स्केल्टनना नुसते रंगाचे डाग दिसले. किंमत विचारली, तर विक्रेता म्हणाला, “दहा हजारांनाही यायचं नाही.” स्केल्टन म्हणाले, “मग न घेणाऱ्या त्या दहा हजारांत मलाही धरा!” आणि चित्राऐवजी रंग-कुंचले घेऊन घरी आले. विनोदवीराचाच किस्सा तो, थोडं तिखटमीठ असणारच. पण १९४३पासून ते चित्रं काढत होते, हे खरं.

बरीच वर्षं ती चित्रं घरातच राहिली. पत्नी जॉर्जिया पूर्वी चित्रकलेची विद्यार्थिनी होती. तिने आग्रह धरला, तेव्हा १९६४ साली लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात पहिलं प्रदर्शन भरलं.

१९७०मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीने त्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम बंद केला. प्रेक्षक भरपूर होते, पण वाहिनीला तरुण प्रेक्षक हवे होते. एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर आणखी एक वर्ष निघालं, मग तेही संपलं. स्केल्टन दुखावले ते कायमचे. चित्रांनी मात्र त्यांना भरभरून दिलं. मूळ चित्रांना हजारो डॉलर मिळू लागले, शिलामुद्रित प्रतींचीही चांगली विक्री होऊ लागली.

ही थोर चित्रकला आहे का? नाही म्हणावं लागेल. पुष्कळ चित्रं एकाच साच्यातली वाटतात. पण रंग कुठे संपतो आणि खालची कातडी कुठे सुरू होते, ती रेघ बघा. वर्षानुवर्षं स्वतःच्या गालांवर रंग चढवलेल्या माणसाचा हात तिथे कळतो.

स्केल्टन यांचे वडील सर्कशीत विदूषक होते, असं ते सांगत. मुलगा जन्मण्याआधीच ते वारले.

सारखे जोकरच का रंगवता, असं कुणीतरी विचारलं. आधी ते म्हणाले, ठाऊक नाही. मग थांबून म्हणाले, ठाऊक आहे, पण त्याचा विचार करावासा वाटत नाही.