पानाची घडी आणि सोलापूरची फेरी

श्रोतेहो, नमस्कार.

क्यूबाची राजधानी हवाना. जगभरातून लोक तिथं जातात ते जुनं शहर पाहायला आणि सिगार ओढायला. 1519 साली आजच्या जागी वसलेलं शहर, स्पॅनिश अमलातले किल्ले, खांबांच्या लांबलचक ओसऱ्या आणि त्या ओसरीत बसून तासभर पुरणारी एक सिगार. 1982 मध्ये युनेस्कोनं जुन्या हवानाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून ही गर्दी आणखी वाढली. मला मात्र त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडते. तिथं परदेशी पाहुणे तिकीट काढून सिगारच्या कारखान्यात जातात आणि सिगार वळणारे हात उभं राहून बघतात.

मी सोलापूरच्या पूर्वभागात वाढले. आमच्या गल्लीत उंबऱ्या-उंबऱ्यावर असे विड्या वळणारे हात होते. ते बघायला बाहेरगावचा पाहुणा थांबलाय, असं मी कधी पाहिलं नाही.

आज मला याच गोष्टीवर बोलायचं आहे. तंबाखूची भलामण करायला मी आलेली नाही, तंबाखू काय करते ते पुढं बोलणारच आहे. पण वस्तू आवडो न आवडो, ती घडवणाऱ्या हाताचं कसब डोळे उघडे ठेवून पाहायला हवं, आणि सोलापूर पाहताना तर ते टाळताच येत नाही.

आधी सिगारबद्दल थोडं सांगते. चांगली सिगार म्हणजे नुसत्या तंबाखूच्या पानांचा जुडगा नव्हे. आत पोटात दोन-चार जातींची पानं असतात, त्यांना आवळून धरणारं बांधणीचं एक पान असतं आणि सगळ्यावर एकच गुळगुळीत, डाग नसलेलं पान गुंडाळलेलं असतं. हे वरचं पान फार लाडाकोडात वाढवतात. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे, तिथल्या शेतांत या पिकावर पातळ कापडाचा मांडव घालतात, म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि पान पातळ, मऊ राहतं. तोडलेली पानं वाळवायची, थप्प्या लावून मुरवायची, मग कित्येक महिने, कधी काही वर्षं, जुनी होऊ द्यायची. तेव्हा कुठं ती वळणाऱ्याच्या पाटावर येतात. त्याचं हत्यार म्हणजे पोलादाचं एक अर्धगोल पातं, बाकी सगळं बोटांवर. पोटात पान जास्त झालं तर सिगार ओढली जात नाही, कमी झालं तर ती भसाभसा जळते आणि तोंड भाजतं. ओढणाऱ्यालाही धीर लागतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. राख झटकायची नाही, ती आपोआप गळेपर्यंत थांबायचं. भराभर झुरके मारले की तीच महागडी सिगार कडू आणि तिखट होते.

शहर पाहण्याचंही अगदी असंच आहे. घाईनं पाहिलेलं शहर कडूच लागतं. "सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?" असं विचारणारे बहुतेक लोक स्टेशनवरून थेट तुळजापूर, पंढरपूर किंवा अक्कलकोटची गाडी पकडणारे असतात.

आता हवानाच्या कारखान्यातली एक प्रथा सांगते, कारण रेडिओवरून ती सांगायला मला विशेष आनंद होतो. 1865 मध्ये तिथल्या एका कारखान्यात कामगारांनी ठरवलं, हात कामात आहेत पण कान तर मोकळे आहेत. त्यांनी एका वाचकाला उंच बैठकीवर बसवलं. तो सकाळी वर्तमानपत्र वाचायचा, नंतर कादंबरी. वाचकाची मजुरी कामगार आपल्या पगारातून वर्गणी काढून द्यायचे आणि पुढचं पुस्तक कोणतं ते मतं घेऊन ठरवायचे. मालकांना आणि स्पॅनिश सरकारला हे खुपलं, प्रथेवर बंदीही आली, पण ती मिटली नाही, आजही चालू आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांनी हाताला काम असताना जगातलं उत्तम वाङ्मय कानांनी वाचून काढलं.

आमच्या गल्लीत तो वाचक म्हणजे आकाशवाणी. फळीवर रेडिओ, खाली चार-पाच बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. बातम्या मराठीत, आपसातल्या गप्पा तेलुगूत, समोरच्या दुकानदाराशी कानडीत. आज या क्षणीही माझं बोलणं ऐकत कुणीतरी विड्या वळत बसलं असेल, याची मला खात्री आहे. त्यांना माझा वेगळा नमस्कार.

तर मग पाहुण्याला घेऊन निघू या. सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून. दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव. किल्ला बहमनी काळातला, आणि पुढं अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा भांडली. चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. तटावर उभं राहून दक्षिणेकडे बघावं. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर. तिथली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरला होता. पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू त्यानं तिथं पहिल्यांदा पाहिली आणि रत्नजडित सरंजामासह ती बादशहाकडे नेली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, हकिमानं मोडता घातला, पण दरबारातल्या सरदारांना गोडी लागली ती लागलीच. पुढं 1617 मध्ये जहांगीरानं बंदीचं फर्मान काढलं, त्याचाही फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे मोगल दरबारात तंबाखू गेली ती आपल्या शेजारून.

तटावरून उतरलं की सिद्धेश्वराचं दर्शन. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदवलेला तलाव, गावाभोवती स्थापलेली 68 लिंगं. इथं वेळ द्यावा. पाण्याच्या कडेला बसावं. काही खिशातून काढून पेटवायचं मात्र नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानाला 2008 पासून देशभर बंदी आहे, आणि नसती तरी ती जागा त्याची नाही.

तिथून चार हुतात्मा पुतळ्यांपाशी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 6 एप्रिल 1930 रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पाहुण्याला ही चार नावं मोठ्यानं वाचायला सांगावीत. चारही नावं सलग वाचली की सोलापूर कसं बनलंय ते वेगळं समजवावं लागत नाही. जवळच इंद्रभुवन आहे, आप्पासाहेब वारदांनी बांधलेली देखणी वास्तू, तिथं महापालिका आहे. तिचे घुमट आणि नक्षी बाहेरूनच निवांत न्याहाळावी.

बहुतेकांची फेरी इथं संपते. माझी इथून सुरू होते.

1877 मध्ये इथं पहिली कापडगिरणी निघाली, तिला आम्ही आजही जुनी गिरणी म्हणतो. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरं आली, साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या बाजूंना वसली. पुरुष मागावर, बाई विडीवर, असा कित्येक घरांचा संसार चालला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांत चूल पेटती राहिली ती विडीवर. सोलापुरी चादरीचा मान जगाला माहीत आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. त्या चादरीच्या शेजारी बसलेल्या बाईचं नाव कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

आमच्या शेजारच्या अक्कांकडे मी शाळेतून आल्यावर बसायची. रात्री तेंदूची पानं पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. सकाळी ती मऊ झाली की अक्का पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापत जायच्या. पान वाया गेलं तर आपल्या खिशाला चाट, त्यामुळं एका पानातून जास्तीत जास्त तुकडे निघायला हवेत. हा हिशेब डोळ्यांत असतो, कागदावर नाही. मग डाव्या हातात तुकडा, उजव्या हातानं चिमूटभर जर्दा त्याच्या लांबीवर पसरायचा. दोन्ही अंगठे एकदम पुढं सरकतात आणि पानाची सुरळी होते. एका टोकाला नखानं पानाची कड आत दुमडायची, दुसऱ्या टोकाशी दोऱ्याचे वेढे. एवढं व्हायला काही सेकंद लागतात. अक्कांच्या अंगठ्याचं नख त्या दुमडण्यानं एका बाजूनं झिजलेलं होतं. मी वळून पाहिली ती विडी हातातच उलगडली. अक्का हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, फक्त माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाब किती द्यायचा ते दाखवलं.

हवानातला कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगारी वळतो. आपल्याकडची बाई हजार विड्यांचा हिशेब धरून बसते, स्वयंपाक, पाणी आणि पोरं सांभाळून. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे आणि कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथं तपासणी होते. जर्दा जास्त भरला, सैल राहिली, पान फाटलं, की ती विडी छाट. दोष नेमके सिगारीचेच, कसोटी तीच. तिकडे त्या कसोटीला उतरलेल्या वस्तूच्या पेटीवर सोनेरी मुद्रा लागते. इकडे छाट किती काढली यावरून बाईची मजुरी कापली जाते.

आपल्या संसदेला हे नातं कळलं होतं. 1966 मध्ये जो कायदा झाला त्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी-शेजारी बसले होते: विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा. घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे त्यानं मान्य केलं. ती मान्यता लढून मिळालेली आहे, आणि सोलापूरच्या बायका त्या लढ्यांत मोर्च्याच्या पुढच्या रांगेत होत्या.

याची किंमतही सांगायला हवी. तंबाखूची बारीक भुकटी रोज नाकातोंडात जाते, बोटांच्या कातडीतून आत झिरपते. खोकला, दमा, पाठीचा कणा, मान, डोळे. घरात पाळणा असतो, त्याच हवेत. विडी ओढणाऱ्याचं तर आणखी वाईट, कारण तेंदूचं पान सहज जळत नाही, विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते आणि विषारी धूर जास्त आत जातो. सिगार छातीत घेत नाहीत म्हणून ती निर्धोक, असंही कुणी समजू नये, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तिच्यानंही होतो. अक्कांच्या मुली विडीवर बसल्या नाहीत, शिकल्या, याचा मला अक्कांइतकाच आनंद आहे. हे काम उद्या बंद होवो आणि या बायकांना त्याहून बरं काम मिळो, असंच मला वाटतं. पण ज्या हातांनी इतकी वर्षं हे शहर जगवलं, त्यांचं कसब कुणी न पाहता संपून जावं, हे मला मान्य नाही.

म्हणून फेरीचा शेवटचा टप्पा कुंभारी. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं वसलेली 10,000 घरांची वसाहत तिथं आहे. 2006 मध्ये ती घरं त्यांच्या ताब्यात आली. जवळच रे नगर, तिथं 2024 च्या जानेवारीत आणखी 15,000 घरं कामगारांना मिळाली. पाहुण्याला ही दारं दाखवावीत. आत डोकवायचं तर आधी विचारावं, विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि बाई कामात असेल तर तिचा वेळ खाऊ नये, कारण तिची मजुरी नगावर आहे.

याहून चांगला मार्ग माझ्या मनात आहे आणि तो मी जाहीरपणे मांडते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, भरतो, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर लाखो माणसं येतात. तिथं पाळण्यांच्या आणि खेळण्यांच्या गर्दीत एक मांडव अक्कांचा असावा. पान, कात्री, साचा, दोरा, सूप, सगळं खरं. जर्द्याच्या जागी मात्र गव्हाचा कोंडा, म्हणजे पोरांनीही हात लावून पाहावं आणि भुकटी कुणाच्याच नाकात जाऊ नये. अक्कांनी तेलुगूत सांगावं, त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं मराठीत आणि कानडीत. आणि त्या दिवसांचे पैसे हजार विड्यांच्या दरानं न देता, शहर दाखवणाऱ्या वाटाड्याला देतात त्या दरानं द्यावेत.