परदेशातून आलेला मसाला: बंदरावर तपासतात, मग गोणी उघडली की?

नमस्कार मंडळी! तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून परवा पाव किलो दालचिनी आणली. कॅमेऱ्यात दिसतंय ना? जाड साल, लाकडासारखी, मोडायला अंगठ्याचा जोर लागतो. आता ही दुसरी, श्रीलंकेची. विडीसारखी गुंडाळी, आत कागदासारखे पातळ पदर. दाबली की चुरा.

पहिली खरं तर कॅशिया. आपल्या अन्न कायद्यात तिचं नावच वेगळं आहे, तज. ती बहुतेक व्हिएतनाम, चीन, इंडोनेशियातून येते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं. ते रोज जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. सिलोनच्या दालचिनीत ते नावापुरतं. बिर्याणीत एक तुकडा टाकलात तर घाबरू नका हो! रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेणाऱ्यांनी मात्र कुठली घेतोय ते बघावं.

२०२४ मध्ये हाँगकाँगने आपल्या काही मसाल्यांची विक्री थांबवली, इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायला वापरतात तो घातक वायू, त्यांत सापडला म्हणून. घराघरात चर्चा झाली. पण इकडे येणाऱ्या मालाचं काय?

तो उतरतो आपल्याच शेजारी, उरणजवळ न्हावा शेव्याला. कस्टम्सच्या कागदांबरोबर एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, अर्ज जातो. कीड-रोगासाठी प्लांट क्वारंटाइनची तपासणी वेगळी. खसखस असेल तर ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ब्युरोकडे सौद्याची नोंदणी, कारण झाड अफूचं! मग अधिकारी माल आणि लेबल बघतो, नमुना काढून त्याचे दोन भाग करतो. एक प्रयोगशाळेत, दुसरा राखून. पहिला नापास झाला आणि आयातदाराने अपील केलं, तर तो दुसरा कामी येतो. पास झालं की एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. पण नमुना प्रत्येक खेपेचा काढत नाहीत, जोखीम बघून निवडतात.

एवढं सगळं होऊन गोणी वखारीत येते. तोंड उघडलं, माल पिंपात ओतला, की देश, आयातदार, तारीख सगळं गोणीबरोबर रद्दीत. माझ्या पुडीवर काय लिहिलंय? फक्त वजन. मला विचाराल तर तपासणीचा धागा तुटतो तो इथे, बंदरावर नाही. म्हणून मी आता शक्यतो बंद पाकीट घेते, आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक बघून.

सुट्टंच घेणार असाल तर लवंगेची एक परीक्षा घरी होते. तेल काढून घेतलेली लवंग हलकी होते, पाण्यावर तरंगते. चांगली तळाशी जाते. ही दहा लवंगा, त्याच दुकानातल्या. टाकते ग्लासात...

सात खाली. तीन वर. हलवून बघू? नाही, वरच आहेत.

उद्या ग्लास घेऊनच जाते दुकानात.