तरीने खाडी, पायाने रस्ता: बाणकोट ते जयगड

(दृश्य: बागमांडल्याचा धक्का. ओहोटी लागलेली. फेरीबोट वळते आहे.)

हे पाणी सावित्री नदीचं. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बोटीच्या तोंडाची लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येते, धक्क्याच्या उतारावर घासत टेकते. आधी उतरतात पायी माणसं. मग दुचाक्या, रिक्षा आणि शेवटी चिऱ्यांनी भरलेला ट्रक.

फळीच्या टोकाकडे बघा. ओहोटीला ती खोल जाते, खालचं शेवाळ उघडं पडतं आणि ट्रकचं मागचं चाक एकदा तरी सटकतं. भरतीला तीच फळी जवळजवळ सपाट असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी वेगळं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीला, वेगळं. दोर हातात घेतलेला हा खलाशी धक्क्यावरची ओली रेघ बघतो आणि हातानेच खूण करतो, बोट कुठे लावायची त्याची.

मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र या धक्क्यावरून पलीकडे वेश्वीला उतरून चालू लागलो. बाणकोट ते जयगड, सागरी रस्त्याने. कॅमेरा त्याच्या खांद्यावर असल्यामुळे तो फारसा दिसणार नाही, त्याची सावली मात्र वाटभर दिसेल.

(दृश्य: बाणकोट किल्ल्याच्या तटावरून खाडीचं मुख.)

सह्याद्री इथून जवळ. नद्या आखूड आणि समुद्राचं पाणी त्यांच्या मुखातून कितीतरी आत शिरतं. वाशिष्ठीत तर भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोचते. म्हणून कोकणच्या किनाऱ्याचे असे तुकडे पडलेत. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर आणि रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस.

पण या गावांना रस्त्याची वाट बघत बसावं लागलं नव्हतं. मुंबईहून आगबोट यायची, बंदराबाहेर उभी राहायची. पडाव, म्हणजे छोट्या होड्या, तिला भिडायचे आणि चाकरमानी ट्रंका, पोरंबाळं घेऊन पडावात उतरायचे. खाडी ओलांडायला ‘तर’, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, होतीच. बाणकोटचा हा किल्ला 1756 पासून इंग्रजांकडे राहिला, तोसुद्धा या पाणवाटेसाठीच. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना नंतरची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. रस्ता तुकड्यातुकड्याने झाला. मोठ्या खाड्या राहिल्या. तिथे आजही फेरीबोट आहे, आणि पायी चालणाऱ्याला ती मुकाट पलीकडे नेते.

(दृश्य: सड्यावरचा, म्हणजे कातळपठारावरचा रस्ता. दोन्ही बाजूंना जांभा दगड.)

वेळासनंतर भारजेच्या खाडीला वळसा, मग केळशी, आडे. सडा तापला की जांभ्यातून धग पायात चढते. सावली फक्त जुन्या आंब्यांखाली. रस्ता रुंद होतो तिथे पहिला घाव त्यांच्यावर पडतो.

एका वळणावर लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली आजी थांबली. "चालत? गाडी गावली नाय काय?" आम्ही म्हटलं, मुद्दामच चालतोय. तिने मोळी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकवली, पुढच्या पाखाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मग डांबरावरनं कशाला मरताव? हिकडनं जावा."

(दृश्य: पाखाडी. कॅमेरा पायऱ्यांवर, जमिनीलगत.)

पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. दोन बाजूंना गडगे, वर पोफळी-फणसाचं छप्पर. पायऱ्या मध्यभागी खोल झिजल्यात. बैलाला चढेल एवढीच उंची, डोक्यावर ओझं असलेल्या बाईला दमवणार नाही एवढी रुंदी. कोकणातली चालायची वाट कोकणातल्याच माणसांनी आखली होती आणि ती उत्तम आखली होती, हे इथे पायांना कळतं.

(दृश्य: हर्णै. संध्याकाळ. पाण्यात बैलगाड्या.)

आंजर्ल्याला जोग नदीवर आता पूल आहे. पूर्वी तरीतून उतरून माणसं कड्यावरच्या गणपतीला चढायची. पुलाने सोय झाली, ती हवीच होती. पण पूल आला आणि ‘तर’ गेली.

हर्णैला होड्या किनाऱ्यापासून लांब उभ्या राहतात. बैलगाड्या छातीभर पाण्यात जातात, टोपल्या भरून परततात. मागे सुवर्णदुर्ग. वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. इथे निवेदन थांबवतो. आवाज तुम्हीच ऐका.

(दृश्य: लिलाव. मूळ आवाज.)

(दृश्य: दाभोळ. मशिदीचा घुमट, मग जेट्टी.)

दाभोळ. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन परतीच्या जहाजात बसला तो याच बंदरातून. आदिलशाही काळातली ही मशीद धक्क्यापासून चार पावलांवर आहे. समोर धोपावे. फेरीबोटीने काही मिनिटं, रस्त्याने खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून जास्त. बोटीत या बायका बघा. मासळीच्या पाट्या खाली ठेवल्या, पदराने कपाळ पुसलं, सुट्टे पैसे मोजले. धोपाव्याला उतरल्यावर त्या पायीच घरोघर जातील.

(दृश्य: तवसाळ. शास्त्री नदीचं मुख, समोर जयगड.)

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी मागे टाकून तवसाळला पोचलो. ही शेवटची खाडी.

या खाड्यांवर आता मोठे पूल यायचे आहेत. रुग्णाला वेळेत दवाखान्यात न्यायला, पोरांना कॉलेजला जायला ते लागतील. फेरीबोटीवर ज्यांची चूल पेटते त्यांचाही विचार झाला पाहिजे.

आमचं मागणं चालणाऱ्यांसाठी आहे. पुलाच्या दोन्ही कडांना पायवाट हवी. पाटी घेतलेली बाई आणि सायकलवरचा पोरगा शेजारून जाऊ शकतील इतकी रुंद, आणि गाड्यांपासून कठड्याने वेगळी. जुने धक्के मोडू नयेत, निदान भरतीच्या वेळी एक छोटी होडी तिथून सुटावी. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी पाखाडी खणायच्या आधी ग्रामसभेत विचारावं, कारण नकाशावर ती बहुतेक नसते आणि गावाला ती माहीत असते.

(दृश्य: फळी खाली येते. मित्राची सावली, मग आम्ही दोघे चढतो. श्रेयनामावली.)